हे असलं बघतं तरी कोण?

मराठी घरात टीव्हीसमोर सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कुठल्याही मालिकेतलं नाही. ते बघणाऱ्यांचं आहे : "हे असलं बघतं तरी कोण?" म्हणणाऱ्याचे पाय टीपॉयवर असतात, मांडीवर शेंगदाण्यांची वाटी असते आणि नजर पडद्यावरून हलत नसते. तिकडे सासूने खिरीत मिठाचा अख्खा डबा उपडा केलेला असतो आणि सून, पैठणी नेसून, गळाभर दागिने घालून, म्हणजे स्वयंपाकाच्या वेशात, गॅसकडे पाठ करून दाराकडे बघत असते. तिचा चेहरा तीनदा दाखवतात, तीनदा वीज कडाडते. मग जाहिरात लागते. 'हे असलं बघतं तरी कोण' म्हणणारे गृहस्थ पाणी प्यायला उठतात आणि स्वयंपाकघरातून ओरडतात, "लागलं की हाक मार गं!"

आमच्याकडे नुसतं बघण्याला कुणी करमणूक म्हणत नाही. बघितलेल्याला नावं ठेवता आली, तर ती करमणूक. लग्नाहून परतलेला मराठी माणूस जिलबी छान होती म्हणून गप्प बसत नाही. मठ्ठ्यात मीठ कमी होतं, हे तो महिनाभर पुरवून पुरवून सांगतो. त्यातलाच हा प्रकार. म्हणून टीव्ही बरा की इंटरनेट, हा आमच्या घरात रोज दिवेलागणीनंतर पेटणारा वाद मी चित्राच्या स्पष्टपणावरून किंवा महिन्याच्या बिलावरून सोडवायला जात नाही. नावं ठेवायची सोय कुठे जास्त, एवढंच बघतो.

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्या काळात ही सोय अव्वल दर्जाची होती. आमच्या गिरगावातल्या चाळीत पहिला संच आला तो दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या बिऱ्हाडात. लाकडी पेटी, तिला सरकती दारं, दारांना कुलूप आणि किल्ली त्या घरच्या काकूंच्या कमरेला. संध्याकाळी निम्मी चाळ त्या खोलीत आणि उरलेली गॅलरीत, खिडकीचे गज धरून. चॅनेल एकच, त्यामुळे काय लावायचं हा प्रश्नच नव्हता. लावायचं की नाही एवढाच प्रश्न, आणि तो काकूंच्या अखत्यारीतला. त्यांच्या मुलाशी क्रिकेटमध्ये कुणी हुज्जत घालत नसे. गुरुवारी तर तो त्रिफळाचीत झाला तरी नाबाद असे. गुरुवारी रात्री 'छायागीत' असायचं.

बघायचं काय, तर जे येईल ते. 'आमची माती, आमची माणसं' हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम. आमच्या चाळीतली माती म्हणजे डालडाच्या डब्यात लावलेल्या तुळशीची, तेवढीच. तरीही पोस्ट, गोदी आणि मंत्रालय यांत आयुष्य काढलेली मंडळी भातावरच्या तुडतुड्यांचा बंदोबस्त श्वास रोखून ऐकायची. संपल्यावर एखादा कारकून दुसऱ्याला हळूच सांगायचा, "युरिया जरा जास्तच सांगितला हो त्यांनी." नावं ठेवायला त्या विषयातलं काही कळावं लागतं, हा गैरसमज माझ्या डोक्यातून तेव्हाच गेला.

'चिमणराव' असला की मात्र दारातल्या चपलांचा ढीग जिन्यापर्यंत जायचा. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आम्ही हसून लोळायचो आणि म्हातारी माणसं मूळ पुस्तकातला चिमणराव कसा वेगळा होता ते हसता हसताच सांगायची. मध्येच चित्र जाऊन दिलगिरीची पाटी यायची. ती पाटीही सगळे एकटक बघत बसायचे, कारण उठलं तर जागा जायची. खरा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर. सगळ्या चाळीनं तेच बघितलेलं. हंडा भरेपर्यंत नाटकातल्या नटीच्या पदरापासून बातम्या देणाऱ्याच्या टायपर्यंत सगळ्यांची धुलाई उरकलेली असायची. आदल्या रात्री न आलेल्या माणसाला नळावर बोलायला काही नसे. तो बिचारा नुसतं पाणी भरून जायचा.

पुढे केबल आली, १९९९ साली अल्फा मराठी आली, मालिका आठवड्याच्या होत्या त्या रोजच्या झाल्या. २००१ साली सुरू झालेले सासूचे 'चार दिवस' २०१३ साली संपले. भाग तीन हजारांच्या वर. एवढ्या काळात खऱ्या सासवा निवृत्त होऊन त्यांच्या सुना सासवा झाल्या, पण नावातल्या 'चार'बद्दल महाराष्ट्रात कुणी ब्र काढला नाही. कारण चाळ सुटली तरी सोय तीच राहिली होती. रात्री साडेआठला अमकीच्या नवऱ्याची स्मृती गेली की सकाळी आठ-सत्तावीसच्या लोकलमध्ये डब्यातल्या सगळ्या बायकांना ती गेल्याचं ठाऊक असे. आणि नाकबूल करण्याची सोयही होतीच. "आम्ही फक्त बातम्या बघतो," असं कुणीही छातीठोक सांगावं. कोण काय बघतं हे मोजणारे मीटर देशभरात काही हजार घरांत बसवलेले, आणि ती घरं गुप्त. ज्याच्या घरी मीटर आहे असा माणूस मला अजून भेटलेला नाही. आमच्या सोसायटीत प्रत्येकाला संशय मात्र आहे की तो समोरच्यांकडे असावा आणि त्यांच्यामुळेच असल्या मालिका चालतात.

इंटरनेटनं या व्यवस्थेवर पहिला घाव घातला तो आमच्या आईच्या हातून.

आईचा स्वयंपाक आठच्या मालिकेच्या जाहिरातींवर चालतो. पहिल्या ब्रेकला कुकर लावायचा, दुसऱ्याला बंद करायचा, तिसऱ्याला पानं घ्यायची. रविवारी महाएपिसोड असला की ब्रेकचं गणित बिघडतं आणि भात लागतो. ते आम्ही सणासारखं मुकाट्यानं सोसतो. अशा आईच्या मोबाइलवर आमच्या चिरंजीवांनी त्या चॅनेलचं अ‍ॅप घालून दिलं. वर पैसेही भरले. पैसे भरणाऱ्याला तिथे उद्याचा भाग आजच बघायला मिळतो, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आईलाही पहिले दोन दिवस नव्हतं.

त्यानंतर ती दुपारी देवघराशेजारच्या खुर्चीत बसून उद्याचा भाग बघायची आणि उद्याच्या आठला तोच टीव्हीवर पुन्हा. मोबाइलवर बघितलेलं तिला बघितल्यासारखं वाटत नाही. टीव्ही लागला की सुरू व्हायचं : "आता ती फोन उचलेल बघा... उचलला? आता मागे सासू उभी... आता पेला पडणार." पेला पडायचा. आमचे वडील, म्हणजे अण्णा, थक्क. "तुला कसं गं कळतं सगळं?" आई पदर सावरत म्हणायची, "इतकी वर्षं संसार केलाय. कळतं माणसाला."

समोरच्या काकी रोज आमच्याकडे मालिकेला येतात, कारण त्यांच्या घरचा टीव्ही नातवाच्या ताब्यात. त्यांनी आठवडाभर हा चमत्कार पाहिला आणि एके दिवशी भाचीची पत्रिका घेऊन आल्या. "बघा हो जरा, मार्गशीर्षात जमेल का?" आईनं पत्रिका घेतली, चष्मा लावला आणि मुलगा चांगला आहे पण त्याची आई खट आहे, असं सांगितलं. हे कुठल्याही मुलाच्या बाबतीत बरोबर येत असल्यानं तिची कीर्ती आणखी पसरली. पुढे काकींच्या सुनेनं तेच अ‍ॅप घेतलं आणि गुपित फुटलं. आता दोघी जणी जिन्यात भेटल्या की उद्याचं कोण आधी बोलतं यावर डोळा ठेवून असतात आणि शेवटी दोघीही हवापाण्यावर बोलून आपापल्या घरी जातात.

अण्णांची तऱ्हा वेगळी. त्यांनी नाट्यसंगीतासाठी म्हणून यूट्यूब हाती घेतलं. दुपारी जेवण झालं की कानात बोंडकं घालून वसंतराव देशपांडे लावायचे. पहिल्या पदाला मान डुलायची, दुसऱ्याला अण्णा डुलायचे, तिसऱ्याला घोरायला लागायचे. गाणं संपलं की तिथे आपोआप पुढचं काहीतरी लागतं, ते संपलं की त्याच्या पुढचं. आणि डुलकी कुठली, तल्लीनता कुठली, हे त्या यंत्राला कळत नाही. माणूस हललेला नाही म्हणजे रमलेला आहे, अशी त्याची समजूत. अण्णा झोपेत नेमके कुठल्या मार्गानं गेले ते त्यांनाच माहीत, पण जाग आली तेव्हा समोर परदेशातला एक गोठा होता आणि दणकट बांध्याचा एक इसम गाईचं खूर मांडीवर घेऊन तासत होता.

तेव्हापासून अण्णा रोज खूर बघतात. खूर तासणं, आत रुतलेला खडा काढणं, जखमेशेजारच्या निरोगी नखाला लाकडी ठोकळा चिकटवणं. अण्णांचा जन्म गिरगावातला, नोकरी फोर्टातली, आता मुक्काम डोंबिवलीत. जिवंत गाईशी त्यांचा संबंध फूटपाथवर तिला वळसा घालण्यापुरता. पण परवा मला बोलावून म्हणाले, "सुरी धरायची पद्धत चुकतेय त्याची. अंगठ्यावर जोर येतो." चाळीतले ते युरियावाले कारकून आठवले. एकच चॅनेल होतं तेव्हा दुसरं काही नव्हतं म्हणून आम्ही तुडतुडे बघितले. आता जगातलं सगळं हाताशी असताना, त्यातून निवड करून, आम्ही खूर बघतो. मुंबईचा माणूस रस्त्यात खड्डा खणताना दिसला की ऑफिस विसरून कठड्याला टेकतो, हे आम्हाला पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. इंटरनेटला ते २०१९ साली जेसीबीचे व्हिडिओ देशभर गाजले तेव्हा कळलं.

अण्णांचं दुःख एवढंच की त्या सुरीबद्दल बोलायला कुणी नाही. चाळीत युरियावर मतभेद असणारे तीन तरी निघाले असते. इथे अण्णांचं खूर अण्णांपाशी, बायकोची कोल्हापुरी रस्सा करून दाखवणारी बाई बायकोपाशी, मुलाचं काय ते मुलाच्या कानात. आपल्याला एखाद्या गोष्टीला नावं ठेवायची असतील तर आधी ती दुसऱ्याला पाठवायची, त्यानं ती बघेपर्यंत थांबायचं, बघितली का म्हणून दोनदा विचारायचं, आणि तो "हो, बघितली, छान आहे" असं खोटंच म्हणणार. तोवर आपला राग निवलेला असतो. दिवाणखान्यात टीव्ही चालूच असतो, कारण बंद केला तर चारही जण आपापल्या मोबाइलमधून मान न काढता एकदम ओरडतात, "अरे, बघतोय ना!"

आणि ते मीटर? ते आता प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि गुप्त तर अजिबात नाही. हे आम्हाला मुलीच्या सासरचे, म्हणजे आमचे व्याही-विहीणबाई, पहिल्यांदा राहायला आले त्या दिवशी समजलं. जेवणं झाली होती, विडे झाले होते. लग्नाचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर बघू या, असं कुणीतरी म्हणालं. मुलानं टीव्हीवर यूट्यूब उघडलं आणि आमच्या कुटुंबाचं अंतरंग त्रेचाळीस इंची पडद्यावर प्रकट झालं. ओळीनं चौकटी. पहिल्या चौकटीत खूर. दुसरीत एक वैद्य, लाल अक्षरांत 'पोट एका रात्रीत साफ'. तिसरीत रडणारी सून. चौथीत खूर. पाचवीत एका कीर्तनकार महाराजांचा हात वर केलेला फोटो आणि खाली ठसठशीत : 'मुलीचे सासरचे लोक कसे ओळखावे? हा भाग चुकवू नका'.

विहीणबाई सावकाश वाचतात.

मुलाच्या हातातला रिमोट नेमका तेव्हाच चालेना. त्यानं तो तळहातावर आपटला, सेल काढून पुन्हा घातले. तोवर सगळ्यांचं सगळं वाचून झालं. "ते काय, आपोआपच येतं काहीबाही," बायको म्हणाली. "हो हो," विहीणबाई घाईघाईनं म्हणाल्या, "आमच्याकडेही येतं." व्याह्यांनी एकदम सुपारीच्या डब्यात डोकं घातलं. त्यांच्याकडे काय येतं हे बघायला पुढच्या महिन्यात आम्ही मुद्दाम चार दिवस जाणार आहोत.

शनिवारी रात्री मात्र आम्ही निश्चयानं एकत्र बसतो. ओटीटीचे पैसे भरलेत, ते वसूल झाले पाहिजेत. पिठलं-भात ताटात वाढून घेऊन सगळे पडद्यासमोर. जो "मला काहीही चालेल" म्हणतो तो सर्वांत धोकादायक. आमच्याकडे तो मी आहे, असं बायको सांगते. खूनखराबा नको, कारण आई आहे. फार रडारड नको, कारण अण्णा आहेत. सबटायटलवालं नको, कारण मग ताटात बघता येत नाही. दहा भागांचं नको, कारण उद्या रविवार असला तरी परवा सोमवार आहे. एकेकाचं ट्रेलर बघत जावं, तर ट्रेलरमध्येच निम्मी गोष्ट कळते आणि उरलेली आई सांगते. रिमोटवरून नाव शोधायचं म्हणजे बाणाची कळ दाबत 'अ'पासून 'स'पर्यंत पायी जायचं. त्यापेक्षा बोलून शोधा, असं मुलानं सुचवलं. आईनं रिमोट तोंडाजवळ धरून स्वच्छ आवाजात "कीर्तन" म्हटलं आणि टीव्हीनं कर्टन ऐकलं. आम्ही पडद्याला चुण्या कशा घालाव्यात याचे दोन व्हिडिओ पूर्ण बघितले. आईच्या मते शिवण उसवणार.

एवढ्यात पिठलं संपतं. मग कुणीतरी निमूटपणे १९८८ सालची 'अशी ही बनवाबनवी' लावतं. तिच्याबद्दल वाद होत नाही, कारण तिला नावं ठेवायची हिंमत घरात कुणाची नाही. आणि म्हणूनच पंधरा मिनिटांत एकेक जण जांभई देत आत जातो.

क्रिकेटचं विचारू नका. तळमजल्यावरच्यांकडे केबल आहे, आम्ही चौथ्या मजल्यावर अ‍ॅपवर बघतो. इंटरनेटवरून येणारा चेंडू फिरून फिरून येत असल्यानं तो काही सेकंद उशिरा पडतो. आमचा गोलंदाज धावायला सुरुवात करतो तोच खालून "गेलाऽऽ!" अशी आरोळी. कोण गेला हे आम्हाला अजून दिसायचंय. मुलगा खिडक्या लावून घेतो, पंख्याचा वेग वाढवतो. पण तळमजल्यावरचे काका पूर्वी गणेशोत्सवात नाटकं करायचे, त्यांचा आवाज कुठूनही येतो. शेवटच्या षटकात तर आम्ही टीव्हीचा आवाज बंद करून खालचं ऐकतो आणि नंतर वर बघून खात्री करतो. महिन्याचे पैसे आम्ही भरतो आणि समालोचन काकांचं. पण एक सांगितलं पाहिजे : झेल सुटला की ते काका जे काही म्हणतात, ते सबंध इमारतीला एकाच क्षणी पटतं. असा क्षण आमच्या मजल्यावर बऱ्याच वर्षांत आला नव्हता.

आता आईचं नवं प्रकरण. पुण्याकडचा कुणी एक पोरगा आहे. तो मालिकांमधल्या चुका काढून मिनिटभराचे रील करतो. नातीनं तिला तिच्याच मालिकेवरचा रील दाखवला. पोरगा म्हणत होता, ही बाई दवाखान्यात बेशुद्ध आहे आणि लिपस्टिक ताजी आहे. आईचा पारा चढला. "एवढं वाईट वाटतं तर बघतो कशाला मेला?" म्हणाली. हे वाक्य अण्णा तिला गेली वीस वर्षं म्हणत आलेत, त्यामुळे ते खूर थांबवून वळून बघू लागले.

रात्रभर तिच्या डोक्यातून ते गेलं नाही. सकाळी चहा ठेवतानाच तिनं नातीला हाक मारली. "त्या मुलाला लिही. लिपस्टिकचं काय घेऊन बसलायस म्हणावं. सलाइन डाव्या हाताला होतं, नवरा आल्यावर उजव्या हाताला गेलं. आणि मागच्या भिंतीवरचं घड्याळ गुढीपाडव्यापासून दहा-दहावर आहे." नातीनं लिहिलं. दुपारी उत्तर आलं : 'आजी, तुम्ही ग्रेट आहात', पुढे हात जोडलेले. दोन दिवसांनी सलाइन आणि घड्याळ दोन्ही त्याच्या रीलमध्ये होती, 'डोंबिवलीच्या आजी' असा उल्लेखही होता. समोरच्या काकी खास बघायला आल्या. आईनं त्यांच्याकडून रील दोनदा लावून घेतला, मोबाइल लांब धरून, मान तिरकी करून बघितला.

"मुद्दे बरे आहेत," ती म्हणाली, "पण सांगतो फार भरभर. आणि तो शर्ट!"